दुरुस्तीचा वारसा

कुलवृत्तांतासाठी माहिती गोळा करताना जो छापील तक्ता मी घरोघर भरून घेतो, त्यात जन्मसाल, गाव, शिक्षण, व्यवसाय, पत्नीचे माहेरचे नाव आणि मृत्यूचे साल यांसाठी रकाने असतात. माणूस कशाने गेला हे लिहायला रकाना नसतो. मराठीत कुलवृत्तांत छापण्याची प्रथा जुनी आहे आणि मी पाहिलेल्या बहुतेकांत हीच पद्धत आहे. मुलींची तर एका ओळीत बोळवण होते : अमुक घराण्यात दिली. पुढे तिचे आणि तिच्या मुलांचे काय झाले, ते सासरच्या कुलवृत्तांताने पाहावे.

या पद्धतीत काही उणे आहे असे मला पुष्कळ वर्षे वाटले नव्हते. दहा-बारा वर्षांपूर्वी कोकणातल्या एका घरी तक्ता भरून घेत होतो. घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. न विचारताच त्या सांगू लागल्या. यजमान चव्वेचाळिसाव्या वर्षी पोटाच्या दुखण्याने गेले. यजमानांची बहीण त्यांच्याही आधी गेली, तिने चाळिशी गाठली नव्हती. तिला ‘बायकांचे दुखणे’ होते. सासरेही पोटानेच गेले. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “आमच्या घराला ते लागलेलंच आहे. सटवाईनं लिहिलेलं कुणाला पुसता आलंय?” तेवढ्यात त्यांचा मुलगा आतून आला आणि मला म्हणाला, “हे काही छापू नका हं. मुली लग्नाच्या आहेत.”

मी छापले नाही. वहीत मात्र लिहून ठेवले.

त्या पानाचा अर्थ मला फार उशिरा लागला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जीवशास्त्र शाळेत सुटले ते सुटलेच. वंशावळींच्या नादाने आनुवंशिकतेकडे वळलो, मिळेल ते वाचत गेलो, आणि पेशी आपल्या डीएनएची डागडुजी कशी करतात हे वाचताना एका परक्या घराण्याची गाठ पडली. त्या घराण्याची हकीकत आधी सांगतो.

*

१८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, अ‍ॅन आर्बर येथील विद्यापीठात, ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. पॉलीन ग्रॉस ही शिवणकाम करणारी बाई एकदा त्यांना फार खिन्न दिसली. त्यांनी कारण विचारले. ती म्हणाली, आज मी धडधाकट आहे, पण लवकर मरणार आहे. माझ्या घरातली बहुतेक माणसे आतड्याच्या, पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली, मीही तशीच जाणार. पुढे ती खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने वारली.

वॉर्थिन यांनी तिचे बोलणे उडवून लावले नाही. त्यांनी त्या घराण्याची वंशावळ मांडायला घेतली आणि पॉलीनने स्वतः नातलगांची माहिती मिळवून दिली. एका परीने तो कुलवृत्तांतच होता. फक्त त्यात आमच्या तक्त्यात नसलेला रकाना होता आणि मुलींच्या शाखाही होत्या. १९१३ मध्ये वॉर्थिन यांनी हे काम प्रसिद्ध केले. वैद्यकाच्या इतिहासात ते घराणे ‘फॅमिली जी’ या नावाने ओळखले जाते.

निरीक्षण अचूक होते. निष्कर्ष मात्र त्या काळाला साजेसा निघाला. वॉर्थिन सुप्रजननवादी होते. काही घराण्यांचा वाणच कमकुवत असतो, असे त्यांना वाटे. आपल्याकडे ‘त्या घरात मुलगी देऊ नका’ असे म्हणतात, त्यापेक्षा हे फार निराळे नाही. उलट बाजूला, कर्करोग आनुवंशिक असू शकतो हेच बहुतेक डॉक्टर पुढे कित्येक दशके मानायला तयार नव्हते. १९६०च्या दशकात नेब्रास्कातल्या ओमाहा येथे हेन्री लिंच या तरुण डॉक्टरला दारूच्या आहारी गेलेला एक रुग्ण भेटला. घरातले सगळे कर्करोगाने मेले, मीही मरणारच, म्हणून पितो, असे त्याचे म्हणणे. लिंच यांनी त्याच्या नातलगांची माहिती काढली आणि १९६६ मध्ये अशा दोन घराण्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी फॅमिली जीचा धागाही पुन्हा हाती घेतला. आज या विकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात.

पण या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरत होते ते नेमके काय? याचे उत्तर कर्करोगाच्या दवाखान्यांत मिळाले नाही. ते जिवाणूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांतून आले.

*

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ए, टी, जी आणि सी ही ती अक्षरे. आपल्या प्रत्येक पेशीत आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती असतात. दोन्ही मिळून सुमारे ६०० कोटी अक्षरजोड्या. १९५३ मध्ये या रेणूची दुहेरी गोफासारखी रचना उलगडली, तेव्हा तो अत्यंत टिकाऊ असला पाहिजे, असे बहुतेकांनी धरून चालले. पिढ्यांचा ठेवा ज्यात ठेवायचा ती तिजोरी भक्कमच असणार.

स्वीडनचे टॉमस लिंडाल यांना ही गोष्ट पटेना. त्यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी डीएनए साध्या पाण्यात ठेवून तो किती वेगाने झिजतो हे मोजले. ना विष, ना किरणोत्सर्ग. फक्त पाणी आणि ऊब. उत्तर चकित करणारे होते. माणसाच्या एका पेशीत दिवसाला ए आणि जी ही अक्षरे मिळून काही हजार, अंदाजे दहा हजारांपर्यंत, आपल्या जागेवरून गळून पडतात. शिवाय शंभराहून अधिक ठिकाणी सी या अक्षराचा एक तुकडा झडतो आणि त्याचे युरॅसिल नावाच्या भलत्याच अक्षरात रूपांतर होते. ज्या पाण्यावाचून जगता येत नाही, तेच पाणी आपला मजकूर क्षणोक्षणी पुसत असते.

एवढी झीज होत असेल तर जीवसृष्टी टिकली कशी? म्हणजे झीज भरून काढणारे कोणीतरी असलेच पाहिजे, असा लिंडाल यांचा तर्क. १९७४ मध्ये त्यांना जिवाणूत एक विकर सापडले. त्याचे काम एकच : डीएनएत युरॅसिल दिसले की ते कापून काढणे. मग दुसरी विकरे येऊन ती जागा साफ करतात, समोरच्या पदरावर जी आहे हे पाहून तिथे पुन्हा सी बसवतात आणि टाका घालतात. गोफाला दोन पदर का असावेत, याचे एक मोठे कारण इथे कळते. एका पदरावरचे अक्षर बिघडले तरी समोरच्या पदरावर त्याची साक्ष असते.

डीएनएचा भाऊबंद असलेल्या आरएनएमध्ये टीच्या जागी युरॅसिलच असते. मग डीएनएने टी का पत्करला, या जुन्या प्रश्नावरही येथे उजेड पडतो. युरॅसिल हे डीएनएचे नेहमीचे अक्षर असते, तर सी बिघडून झालेले युरॅसिल आणि मुळातले युरॅसिल यांत फरक करता आला नसता. चूक ओळखू यावी अशीच ही लिपी आहे.

नुकसान पाण्यानेच होते असे नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी शेजारशेजारची दोन टी अक्षरे एकमेकांना चिकटतात. तुर्कस्तानात जन्मलेले अझीझ सँजार यांनी जिवाणूतली याची दुरुस्ती १९८३ मध्ये उलगडून दाखवली : बिघाडाच्या दोन्ही बाजूंना काप देऊन बारा-तेरा अक्षरांचा तुकडाच काढून टाकला जातो आणि नवा भरला जातो. माणसात ही यंत्रणा जन्मतः निकामी असेल तर काय होते? त्या विकाराचे नाव झेरोडर्मा पिग्मेंटोसम. या मुलांना ऊन सोसत नाही आणि अनेकांना आठव्या-नवव्या वर्षाच्या आसपासच त्वचेचा पहिला कर्करोग होतो. त्यांच्या पेशींत ही दुरुस्ती होत नाही हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्येच दाखवले होते. ऊन सर्वांवर सारखेच पडते. त्या मुलांच्या पेशींत त्याची भरपाई होत नाही.

*

आता फॅमिली जीशी थेट संबंध असलेली दुरुस्ती. पेशी विभागते तेव्हा सारा मजकूर नव्याने उतरवावा लागतो. नक्कल करणारे विकर सुमारे एक लाख अक्षरांमागे एक चुकीचे अक्षर उचलते. ६०० कोटी अक्षरांना हे प्रमाण लावले तर प्रत्येक नकलेत साठ हजार चुका होतील. पण हे विकर लिहिता लिहिता मागे वळून पाहते आणि शंभरातल्या नव्व्याण्णव चुका तिथेच खोडते. शास्त्रज्ञही याला मुद्रितशोधनच म्हणतात. उरल्या सहाशे. त्यांच्यासाठी दुसरे वाचन होते. ते करणारी प्रथिने वेगळी असतात, आणि त्यांच्या हातून सुटतात त्या चुका बोटांवर मोजण्याइतक्या.

दुसऱ्या वाचनात एक पेच आहे. एका पदरावर जी आणि समोर टी अशी विजोड जोडी दिसली, तर त्यांतले चूक कोणते? अक्षरे दोन्ही वैधच आहेत. मूळ प्रत कोणती आणि नक्कल कोणती हे कळल्याशिवाय दुरुस्ती करायला जाणे म्हणजे निम्म्या वेळा बरोबर अक्षर खोडणे. हा पेच जिवाणू कसा सोडवतो, हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या पॉल मॉड्रिच यांनी दाखवले. ई. कोलाय हा जिवाणू आपल्या डीएनएवर ठरावीक जागी मिथाइल गटाच्या खुणा करतो. नव्या पदरावर या खुणा उमटायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या अवधीत बिनखुणेचा पदर तो नवा, हे ओळखता येते. मग म्युट-एस नावाचे प्रथिन विजोड जोडी शोधते, म्युट-एल पुढची जुळणी करते, म्युट-एच बिनखुणेचा पदर कापते, आणि तेवढा मजकूर काढून पुन्हा लिहिला जातो. १९८९ मध्ये मॉड्रिच यांनी ही सारी क्रिया शुद्ध केलेली प्रथिने घेऊन परीक्षानळीत घडवून दाखवली. माणसात खुणांची ही तऱ्हा नाही. नवा पदर त्याच्यातल्या न सांधलेल्या टोकांवरून ओळखला जातो. बाकी पद्धत तीच. २०१५चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लिंडाल, मॉड्रिच आणि सँजार यांना मिळून मिळाले.

हे दुसरे वाचन बंद पडले तर आधी कुठे चुका होतील? हाताने पोथ्या उतरवणारे जिथे चुकत, तिथेच. एकच अक्षर अनेकदा ओळीने आले की नकलेत एखादे गळते नाहीतर वाढते. १९९३ मध्ये लिंच सिंड्रोमच्या रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा त्यांत नेमक्या अशाच चुका हजारोंनी सापडल्या. जिवाणूंवर आणि यीस्टवर काम करणाऱ्यांना त्या पाहताच ओळख पटली. त्यांनी दुरुस्तीची जनुके बिघडवली की त्यांच्या तबकड्यांतही हेच दिसे. वर्षभरातच माणसातली ती जनुके हाती लागली. जिवाणूतल्या म्युट-एसच्या नात्यातले एमएसएच-२ आणि म्युट-एलच्या नात्यातले एमएलएच-१. जिवाणू आणि माणूस यांच्या वाटा अब्जावधी वर्षांपूर्वी फुटल्या, तरी हे दुरुस्तीचे काम दोघांनीही जपले आहे.

२००० साली फॅमिली जीतला दोषही सापडला : एमएसएच-२ जनुकात एका अक्षराचा बदल. पॉलीनच्या घराण्याचा तोवर नऊशेच्या वर वंशजांचा विस्तार झाला होता.

*

म्हणजे या घराण्यांत कर्करोग वारशाने उतरत नाही. उतरते ती दुरुस्तीच्या एका जनुकाची नादुरुस्त प्रत. आईकडून किंवा वडिलांकडून, मुलाला किंवा मुलीला, ती येण्याची शक्यता निम्मी. दुसऱ्या पालकाकडून आलेली चांगली प्रत काम सांभाळत असते, म्हणून अशी माणसे पुष्कळ वर्षे ठणठणीत असतात. मात्र आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या अस्तरासारख्या, सतत विभागणाऱ्या पेशींपैकी एखादीत ती चांगली प्रतही निकामी झाली, की त्या पेशीत चुका शेकडो पटींनी साचू लागतात. पेशींच्या वाढीला आवर घालणारे एक जनुक आहे. त्यात ए हे अक्षर सलग दहा वेळा येते. त्यातला एक ए गळाला की पुढचा मजकूर निरर्थक होतो आणि आवर सुटतो.

हे कळल्याने काय साधले? फिनलंडमध्ये अशा घराण्यांतल्या २५२ जणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. ज्यांनी दर तीन वर्षांनी दुर्बिणीने आतडे तपासून घेतले, त्यांच्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग ६२ टक्क्यांनी कमी आढळला. तपासणीत दिसलेल्या गाठी वाढण्याआधीच काढून टाकता येतात. आता ही तपासणी याहून कमी अंतराने करण्याचा सल्ला देतात. आणखी एक गोष्ट निघाली. हजारो चुका साचलेली गाठ शरीराच्या रक्षक पेशींना परकी वाटू शकते. त्या पेशींवरची लगाम सैल करणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध २०१७ मध्ये अमेरिकेत याच आधारावर मान्य झाले. कर्करोग कोणत्या अवयवाचा आहे, यापेक्षा त्यात ही दुरुस्ती बंद पडली आहे का, हे तिथे पाहिले गेले.

वॉर्थिन यांच्या ‘कमकुवत वाणा’चाही निकाल इथेच लागतो. प्रत्येक नवजात बाळात सुमारे साठ-सत्तर अक्षरे अशी असतात, जी आईतही नसतात आणि वडिलांतही नसतात. दुरुस्तीतून सुटलेल्या त्या चुका. वडिलांचे वय जितके जास्त, तितक्या त्या थोड्या अधिक. बहुतेक निरुपद्रवी असतात, एखादी घातक ठरते, आणि क्वचित एखादी उपयोगी पडते. दुरुस्ती अगदी निर्दोष असती तर जिवाणूंचे जिवाणूच राहिले असते. घराणी मिरवायला माणूसच झाला नसता. निर्दोष मजकुराचे घर कोणाचेही नाही.

*

लिंच सिंड्रोम ओळखण्यासाठी १९९०च्या सुमारास तज्ज्ञांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक साधा निकष ठरवला. १९९९ मध्ये त्यात गर्भाशयाच्या आणि आणखी काही कर्करोगांची भर पडली. थोडक्यात तो असा : जवळच्या नात्यातल्या तिघांना हे कर्करोग, सलग दोन पिढ्यांत, आणि निदान एकाला पन्नाशीच्या आत. हे वाचले त्या रात्री मी जुनी वही काढली. सासरे, त्यांचा मुलगा, त्यांची मुलगी. तीन माणसे, दोन पिढ्या, दोघे पन्नाशीच्या आत.

‘पोटाचे दुखणे’ म्हणजे कर्करोगच, असे म्हणता येत नाही. मी डॉक्टर नाही. पण गप्प राहणेही बरे वाटेना. कुणाच्या घरात जाऊन असले काही सांगण्याचा मला अधिकार काय, या विचारात दोन महिने गेले. शेवटी त्या घरातल्या नातीला फोन केला. तिचे लग्न होऊन दोन मुले झाली होती. तिने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाली, “काका, आत्येआजीबद्दल आम्हाला कुणी बोललंच नाही कधी.” मी तिला एवढेच सांगितले की मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात आनुवंशिक कर्करोगासाठी स्वतंत्र विभाग आहे, तिथे किंवा दुसऱ्या जाणकार डॉक्टरकडे एकदा विचारून घे.

तीनेक आठवड्यांनी तिच्या वडिलांचा फोन आला. छापू नका म्हणणारे तेच. “डॉक्टर विचारतायत, आजोबा कशाने गेले, वडील कितव्या वर्षी गेले, आत्याला नेमकं काय झालं होतं. आई आता नाही. तुमच्या वहीत आहे म्हणे. तेवढं पान पाठवाल का?”

मी पानाचा फोटो काढून पाठवला. पुढे तपासणीत काय निघाले, ते त्यांचे त्यांना ठाऊक. मी विचारले नाही.

आजींची सटवाई मला अनेकदा आठवते. सहाव्या रात्री बाळापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, ती येऊन कायमचे लिहून जाते, असे मानतात. पेशींतला मजकूर असा एकदाच लिहून होत नाही. तो रोज झिजतो आणि रोज पुन्हा लिहावा लागतो. दुरुस्तीचा एखादा हात अधू असेल, तर त्याचे काम थोडेफार बाहेरून करता येते. पण त्यासाठी तो अधू आहे हे आधी कळायला हवे. पॉलीन ग्रॉस बोलली, नातलगांना विचारत फिरली, म्हणून तिच्या भाचवंडांच्या नातवंडांना ते कळले. तिला स्वतःला त्याचा काही उपयोग झाला नाही.

माझ्या तक्त्यात आता दोन रकाने वाढले आहेत : मृत्यूसमयीचे वय आणि आजार. मुलींच्या शाखाही मी दोन पिढ्या पुढे लिहून घेतो. हे छापायचे नसते. बंद पाकिटात त्या त्या घरी परत द्यायचे असते. पुष्कळ घरी अजून ते रकाने कोरेच येतात. दिवाळीला माणसे एकत्र जमतात, भाऊबीजेला बहिणी माहेरी येतात. एखाद्या दुपारी फराळ झाल्यावर, घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवते आहे तोवर, ते विचारून भरून ठेवावेत.